सहाव्या लाइनीची जागा

मला राग लवकर येतो. यात मिरवण्यासारखं काही नाही, पण लपवून तरी काय करणार, आमच्या सगळ्या मिल लाइनीला ते ठाऊक आहे. सरकारी दवाखान्यात सिस्टर म्हणून नोकरी झाली, तिथेही वॉर्डबॉयपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे मला जरा वचकून असत. तेव्हा त्या रविवारी मैदानावर माझा आवाज चढला याचं कोणाला नवल वाटलं नाही.

आधी मैदान कुठलं ते सांगते. तिथे आमची घरं होती. मिलच्या मागच्या अंगाला, दगडी भिंतीच्या आत, कामगारांसाठी बांधलेल्या सहा लाइनी. एकेका लाइनीत एकमेकींना चिकटलेल्या खोल्या, वर कवेलूंचं छप्पर, आणि दोन लाइनींच्या मधे एक गल्ली. एका कुटुंबाला एक खोली. चूल आत, मोरी आत, देव आत, माणसंही आत. पहिल्या लाइनीसमोर नळाचा ओटा होता. सहावी लाइन अगदी दुसऱ्या टोकाला, नाल्याकडच्या भिंतीकडे पाठ करून उभी होती.

कोणी कुठे राहायचं हे मिलनं ठरवलं असेल नसेल, लोकांनी मात्र ठरवलेलं होतं. पहिल्या दोन लाइनीत मागांच्या साचेखात्यातले विणकर, म्हणजे बहुतेक आम्ही कोष्टी. मधल्या लाइनीत तेली, कुणबी, उत्तरेकडून आलेले परदेशी असे मिसळलेले. सहाव्या लाइनीत बौद्ध. माझ्या जन्माच्या आधी त्यांना साच्यावर घेतच नसत. धोट्यातला धागा तोंडानं ओढून काढावा लागे आणि त्यांचं उष्टं आमच्या लोकांना चालत नसे, हे त्याचं कारण. पुढे ते थांबलं, पण लाइनी होत्या तशाच राहिल्या.

आता माझं. मी दुसऱ्या लाइनीतली. मी अंगावर पीत होते तेव्हाच बाबांचा हात साच्यात सापडला आणि ते घरी बसले. आई रिळाच्या खात्यात होती, तिला ओली बाळंतीण असतानाच कामावर जावं लागलं. मी दिवसभर रडायची. वरचं दूध पोटात ठरत नव्हतं. ही काही जगत नाही असं सगळे धरून चालले होते, असं आई सांगायची. तेव्हा सहाव्या लाइनीतली प्रेमिला एका सकाळी आमच्या दारात आली. तिचा देवराव माझ्याहून थोडासाच मोठा. आईला म्हणाली, पोरगी दे इकडं. आईनं दिली, आणि तिनं मला पदराखाली घेतलं. मला पाय फुटेपर्यंत मी दिवसा सहाव्या लाइनीतच असायची. पहिल्या लाइनीतल्या बायका हे बघत आणि मान दुसरीकडे वळवत. कळत सगळ्यांना होतं, बोलत कोणी नव्हतं.

मी तिला माय म्हणते. आई ती आई, आणि ही माय. मी आज साठी ओलांडून, गुडघ्यांची कुरकुर ऐकत का होईना, उभी आहे ती तिच्यामुळे. असले उपकार फिटत नसतात आणि मला ते फेडायचेही नाहीत. तिची देणेकरीण असण्यात मला सुख वाटतं.

मिलचा भोंगा बंद झाला तेव्हा आम्ही पोरी लग्न होऊन केव्हाच बाहेर पडलो होतो. म्हातारे मात्र लाइनीतच होते. मग नोटिसा आल्या, मोर्चे निघाले, भाषणं झाली आणि एका उन्हाळ्यात घरं पाडायला पिवळी मशीन आली. सुरुवात सहाव्या लाइनीपासून झाली. तिथूनच का, हे कोणी विचारलं नाही. मशीन एका लाइनीवर असेतोवर पुढच्या लाइनीतले लोक आपापले कवेलू उतरवून घेत, दारं चौकटीसकट काढून घेत. बाबांनी आमचं दार माझ्या फ्लॅटवर आणून ठेवलं. ते कुठल्याच खोलीला बसेना. शेवटी मी त्याची फळी करून घेतली आणि वर लोणच्याच्या बरण्या मांडल्या. गल्ल्यांना नावं नव्हती, म्हणून त्या गेल्याची नोंदही कुठे नाही. लोक पांगले. कोणी कुहीकडे गावी परतलं, कोणी पोरांबरोबर वर्धा रोडला गेलं. देवराव मायला घेऊन कोराडीला गेला, कारण त्याच्या मुलाला, प्रशिकला, तिथल्या वीज केंद्रात नोकरी लागली होती आणि क्वार्टर मिळालं होतं.

जागा मात्र पडून राहिली. बाभळी उगवल्या, पोरांचं क्रिकेट झालं, लग्नाचे मांडव पडले. यंदा पावसाळा सरला तशी ती साफ झाली, तीन बाजूंनी पत्रे लागले आणि फाटकावर उंच इमारतींचं चित्र झळकलं. नाल्याकडची जुनी दगडी भिंत तेवढी तशीच ठेवली होती.

ते चित्र देवरावनं पाहिलं आणि घरी सांगितलं असावं, कारण लगेच त्याचा मला फोन आला. मायचं वय नव्वदीच्या घरात. डोळ्यांना उजेड आणि अंधार तेवढा कळतो. हृदय थकलेलं आहे. तिच्या पायांवरची सूज मी बोट दाबून पाहिली आहे आणि ती काय सांगते हे मला कळतं.

"बाई, माय एकच धरून बसली आहे," देवराव म्हणाला. "एक खेप आपल्या दारात बसायचं म्हणते."

"दार कुठं राहिलं गा?"

"तेच म्हटलं मी तिले. तर म्हणते, पुष्पीले सांग."

पुष्पी म्हणजे मी, पुष्पलता. या नावानं हाक मारणारं आता जगात एवढं एकच माणूस उरलं आहे. मी तिथल्या तिथे शब्द देऊन टाकला. तिला दारात बसवीन म्हणाले. कसं ते मलाही माहीत नव्हतं.

मग मी दत्तोपंतांना गाठलं. ते मिलच्या टाइम ऑफिसात होते, पहिल्या लाइनीच्या टोकाच्या खोलीत राहत. लाइनीतल्या लोकांचा मोबाइलवरचा ग्रुप तेच चालवतात. रोज सकाळी सुविचार पाठवतात तेवढं सोडलं तर माणूस कामाचा आहे. त्यांनी इमारतवाल्यांच्या साहेबांना भेटून एका रविवारची परवानगी काढली आणि युक्तीही त्यांनीच सुचवली. खेळाच्या मैदानावर मारतात ती पांढरी फक्की आणायची आणि सगळ्या लाइनी जमिनीवर आखायच्या, जशा होत्या तशा. ज्यानं त्यानं आपल्या घरात बसून आपला डबा खायचा. दुपार कलली की प्रशिक मायला गाडीतून आणेल आणि ती सहाव्या लाइनीत आपल्या दारात बसेल. मला ती युक्ती इतकी आवडली की मी पुढचे आठ दिवस त्यांचे सुविचार वाचले.

रविवारी लोक आले. मला वाटलं होतं दहा-वीस टाळकी येतील, तर नातवंडं, सुना, जावई धरून सगळं मैदान भरलं. ज्यांना मी चड्डीत पाहिलं होतं ते काठी टेकत आले. मधल्या लाइनीतल्या इंदुताईनं परातभर आलुबोंडे तळून आणले होते. गळाभेटी झाल्या, कोण कोण गेलं ते सांगून झालं, डोळे पुसून झाले आणि दत्तोपंतांनी सुतळी सोडली.

नळाचा ओटा अजून शाबूत होता. सुरुवात तिथूनच केली. दत्तोपंत विचारत, तुमचं घर केवढं, आणि घरवाला सांगे. इथं आमची पेटी, तिला लागून आईची शिलाई मशीन, मग बाबांची खाट, खाली आम्ही भावंडं ओळीनं झोपायचो, आणि पाहुणे आले की तेही मावायचे. सांगता सांगता माणूस हात पसरत जाई. दत्तोपंतांची सुतळी त्याच्या मागे मागे जाई आणि देवराव त्यावरून फक्की टाकी. मी माझं घर आखलं तेव्हा बाबांची खुर्ची, आईचं जातं, माझा अभ्यासाचा कोपरा, सगळं नीट ऐसपैस मांडून घेतलं. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. गल्ल्याही तशाच. गल्लीत आम्ही लगोरी खेळलो होतो, लग्नाच्या पंगती उठवल्या होत्या, मग ती रुंद असणारच. कोणी कोणाला आडवं गेलं नाही. ज्याचं त्याचं घर, दुसरा काय बोलणार?

असं करत जेवणाच्या वेळेपर्यंत आम्ही पाचवी लाइन आखली आणि पाचव्या लाइनीची मागची रेघ थेट नाल्याकडच्या भिंतीला जाऊन टेकली.

सहाव्या लाइनीला जागाच उरली नव्हती.

मग तोंडं सुटली. कोणी म्हणालं, इमारतवाल्यांनी भिंत आत सरकवली. कोणी म्हणालं, नाला रुंद केला तेव्हा जमीन गेली. देवराव भिंतीपाशी गेला आणि त्यानं दगडांच्या सांध्यात ठोकलेल्या लोखंडी खुंट्या दाखवल्या. सहाव्या लाइनीचे लोक घराच्या मागे कपडे वाळत घालायला त्यांना दोरी बांधत. खुंट्या गंजून गेल्या होत्या पण होत्या तिथेच होत्या. भिंत हलली नव्हती. मग तोडगे निघू लागले. सहावी लाइन फाटकाजवळ काढू. सहावीची एकच खोली काढू, भिंतीला चिकटून, छोटीशी. शेवटी रुपराव बोलला. पहिल्या लाइनीतला विणकराचा पोरगा, आता सत्तरीला आलेला. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, मुलगा मिहानच्या उद्योगनगरीत मोठ्या कंपनीत.

"एवढं काय घेऊन बसले? म्हातारीले आता कुठी दिसते? ओट्याजवळ बसवा अन् सांगा, हेच तुहं दार."

वाईट हे की तो दुष्टपणानं बोलत नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की त्यानं सोय सुचवली. त्याहून वाईट म्हणजे देवराव हातातलं फक्कीचं घमेलं खाली ठेवून म्हणाला, "राहू द्या. मायले मी समजावतो."

त्या दोन शब्दांनी माझं डोकं फिरलं. राहू द्या. जन्मभर हेच म्हणत आला असेल. मी काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. लाइनी पाडताना सहावी पहिली पाडली आणि आखताना सहावी शेवटी राहिली, मग आपल्यात आणि त्या पिवळ्या मशीनमध्ये फरक काय, असं मी विचारलं. मिहानचा उल्लेख केला, तो करायला नको होता. त्या म्हातारीला मी शब्द दिला आहे, तिचं दार तिच्या जागेवर मिळालं नाही तर मी एकेकाचं घर पुसून टाकीन, असंही म्हणाले. पण सहावी लाइन बसवायची कुठे? आमचीच घरं आम्हाला आड येत होती आणि कोणाचं घर खोटं म्हणायचं? मी माझंही घर खोटं म्हणायला तयार नव्हते. तिकडे प्रशिकचा फोन आला, निघतो आहोत म्हणून.

मी तणतणत नळाच्या ओट्यावर जाऊन बसले. समोर चौकीदाराची पत्र्याची टपरी होती. बिचारा रात्रीची ड्युटी करून दिवसा झोपला होता. टपरी एवढीशी, माणूस लांब. त्याचे पाय दाराबाहेर आले होते.

मी त्या पायांकडे बघत राहिले आणि मला आमची गल्ली दिसली. तिसऱ्या पाळीचे लोक, म्हणजे रात्रभर मिलमध्ये राबून सकाळी घरी येणारे, दिवसा झोपत. डोकं आतल्या भिंतीला, पाय दाराकडे. आणि खोलीत माणूस मावत नसे म्हणून पाय उंबऱ्याबाहेर गल्लीत. दुपारी गल्लीतून जावं तर जागोजागी पाय. आम्ही पोरं पायांवरून माणसं ओळखायचो. कोणाच्या पायांवर पाय पडला तर पाठीत धपाटा बसे. आया दुपारी गल्लीत मोठ्यानं बोलत नसत, धुणं आपटत नसत, पाण्याची गुंडी घेऊन त्या पायांना वळसा घालून जात. रुपरावचे वडील तर सगळ्यात उंच. त्यांचे पाय घोट्याच्याही वरपर्यंत बाहेर असत, आणि त्यांच्या घरावरून जाताना गल्लीत एकालाच वाट मिळे.

मी उठले आणि सरळ रुपरावच्या घरात गेले. तो आपल्या चौघा नातेवाइकांसह डबा उघडून बसला होता आणि बाजूला आणखी चौघांना जागा होती.

"झोप," मी म्हणाले.

"काहून?"

"झोप म्हटलं ना. डोकं मागच्या रेघेला, पाय दाराकडं."

पेशंटला झोपायला सांगण्यात माझं आयुष्य गेलं आहे. त्या आवाजाला सहसा कोणी नाही म्हणत नाही. तो शर्टाकडे बघत कुरकुरला, लोक काय म्हणतील म्हणाला, पण सुनेनं सतरंजी अंथरली आणि तो झोपला. बापासारखाच उंच माणूस. डोकं मागच्या रेघेला टेकवलं, पाय ताणले, टाचा जमिनीला लावल्या. दाराची रेघ त्याच्या पायांपासून इतकी लांब होती की मधे आणखी एक माणूस आडवा झोपला असता.

तो मान उचलून पायांकडे आणि पायांपलीकडच्या त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिला. मग मान खाली टेकली आणि आभाळाकडे बघू लागला. माणसं जमली. त्याच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी कानाकडे गेलं, ते त्यानं पुसलं नाही.

"पुष्पा वं," तो म्हणाला, "बाबाचे पाय तर बाहेर राहत होते."

"हो."

"मंग हे आमचं घर नोहे. आमचं घर लय लहान होतं."

तो उठला आणि चपलेनं दाराची रेघ पुसू लागला. स्वतःच. मागे सरकत सरकत, सतरंजीच्या कडेपर्यंत आला, तिथे पुन्हा आडवा पडला, पाय बाहेर येतात की नाही ते पाहिलं आणि मग देवरावला हाक मारली, फक्की आण म्हणून.

दत्तोपंतांनी आधी हुज्जत घातली. टाइम ऑफिसवाल्यांची खोली वेगळी, मोठी होती म्हणाले. मी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं, तेव्हा चष्मा खिशात ठेवून तेही झोपले. मग एकेक करून सगळेच. पाच लाइनींमध्ये म्हातारे आपापल्या घरात आडवे, बायका त्यांच्या पायांशी उभ्या राहून आणखी आत, आणखी आत असं सांगताहेत, आणि हसू कोणाला आवरेना. पत्र्याच्या फटीतून रस्त्यावरचे स्कूटरवाले थांबून बघू लागले. चौकीदार जागा झाला, समोर एवढी माणसं निजलेली पाहून घाबरला आणि पाणी घेऊन धावत आला. मी माझ्या घरात बाबांच्या जागेवर निजले. आम्ही पाचजण एवढ्यात राहिलो? वळायलाही जागा नव्हती. तरी मला त्या घरात अडचण झाल्याचं एकदाही आठवत नाही. आईबापांनी ती सगळी अडचण स्वतःच्या अंगावर घेतली, आणि आम्हाला मोठं घर दिलं. तिथे पडल्या पडल्या मी दोघांना मनोमन हात जोडले.

गल्ल्याही आवळल्या. एकालाच वाट मिळायची, सगळ्यांना आता आठवलं. पहिली लाइन ओट्याकडे सरकली, दुसरी तिच्यामागे, मग तिसरी, चौथी, पाचवी. आणि पाचवीच्या मागे भिंतीपर्यंत एक गल्ली आणि एक अख्खी लाइन मावेल एवढी जमीन मोकळी झाली. ती तिथेच होती सकाळपासून. सहाव्या लाइनीच्या खोल्या देवरावनं आखल्या. सुतळी रुपरावनं धरली. इस्त्रीचा शर्ट मागून मातीनं माखलेला होता.

उन्हं कलली तशी प्रशिकची गाडी फाटकाशी आली. त्यानं खुर्ची आणली होती, चाकांची, पण माय तिच्यात बसायला तयार नव्हती. तिनं एका हातानं मला धरलं आणि एका हातानं देवरावला. गल्लीगल्लीनं न्या म्हणाली. मग आम्ही तिला तसंच नेलं, एकही रेघ न ओलांडता, पहिल्या गल्लीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत. गल्ली अशी अरुंद की तिघांना तिरकं चालावं लागत होतं. ती दर थोड्या वेळानं थांबे आणि विचारी, हे कोणाचं? घरातून माणूस आपलं नाव सांगे. ती म्हणे, बरं आहे ना, जेवला ना. सगळे आपापल्या दारात उभे होते. कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं.

सहाव्या लाइनीत तिच्या दाराशी आलो तेव्हा मी तिला सांगितलं, माय, आलं. ती वाकली, जमिनीला हात लावला, तोच हात कपाळाला लावला, आणि दारात बसली. पाय बाहेर गल्लीत, पाठ आतल्या बाजूला. चेहऱ्यावर ऊन होतं. मी तिच्याजवळ खाली बसले. मला एवढंच म्हणायचं होतं की तू मला जगवलंस. पण तिनं ते आधीच ऐकलंय अशा मायेनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि मी म्हटलंच नाही.

मग तिनं काठी मागितली. काठी घेऊन ती बसल्या जागेवरून मागे वळली आणि आतली भिंत शोधू लागली. काठी पुढे पुढे गेली. हात पूर्ण लांबवला तरी रेघेपर्यंत पोचली नाही.

"मोठं काढलं गा तुम्ही," ती म्हणाली. "दारात बसून मी चुलीवरचं भाताचं गंज चिमट्यानं उतरवत होती."

देवराव ओशाळला. त्यानं घमेलं उचललं आणि आत जाऊन गुडघ्यावर बसला, रेघ पुढे ओढायला. रुपरावही चप्पल घेऊन वाकला. म्हणजे सगळ्यांचीच घरं अजून मोठी होती, झोपून मोजूनसुद्धा. मी दत्तोपंतांकडे पाहिलं, ते दुसरीकडे पाहू लागले.

"काय करून राहिला रे?" मायनं विचारलं.

"लहान करतो ना, माय. होतं तसं."

"राहू दे."

देवरावचा हात थांबला. माय आत तोंड करून बसली होती, तिला न दिसणाऱ्या त्या खोलीकडे.

"लय वर्सं लहान होतं," ती म्हणाली. "कोणाले आत ये म्हणता आलं नाही. आता मोठं झालं तर राहू दे. या. सगळे या आत."

कोणी हललं नाही. मग रुपरावनं चपला रेघेबाहेर काढल्या. घराला भिंती नव्हत्या, तो कुठूनही आला असता, पण वळसा घालून दारापाशी आला, वाकून तिच्या शेजारून आत आला, आणि खोलीच्या मधोमध उभा राहिला.

"पाणी दे वं, माय," तो म्हणाला.

प्रशिकनं आपली बाटली तिच्या हातात दिली. मी बुडाला आधार दिला, पण धरली तिनंच. ती पुढे करणार तोच थांबली.

"आधी बस," ती म्हणाली. "उभ्यानं पिऊ नये."

रुपराव बसला.